पंचफुलाबाईचा हातगुण

लाल झाकणांच्या डब्या पुष्पांजलीने पिशवीतून काढून टीपॉयवर ठेवल्या, तेव्हा गीताबाईला आधी वाटलं की नणंदेने नागपूरहून औषध आणलं. मग एकेका डबीवर चिकटवलेलं नाव तिने वाचलं. भागवत, गीता, गजेंद्र, पंचफुला. सुनेच्या, राखीच्या नावाची डबी नव्हती, आणि गीताबाईला नेमकी तीच गोष्ट टोचली.

"हे काय हो, ताई?"

"थुंकी तपासायची आहे, वहिनी. उद्या सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, खोल खोकून बेडका काढायचा आणि झाकण घट्ट लावायचं. एक्स-रे बुलढाण्याला काढू."

"अन् राखीची डबी?"

"राखीची तपासणी नागपूरलाच झाली. तिच्या वडलांचीही केली. दोघंही साफ आहेत."

गीताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. भागवतने पंख्याकडे पाहिलं. नातवाला, शिवमला मातीत ठेवून पंधरवडाही झाला नव्हता. भेटायला येणाऱ्यांची सकाळपासूनची रीघ आत्ता कुठे थांबली होती, आणि बहीण आल्या आल्या दुकान मांडून बसली होती.

पण नाफड्यांच्या घरात पुष्पांजलीचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. घराण्यातली पहिली डॉक्टर, आणि तीही तान्ह्या लेकरांच्या संसर्गाची. मोताळ्याहून अकोला, अकोल्याहून नागपूर, मधली काही वर्षं दक्षिणेत, आणि मग पुन्हा नागपूरचा तोच कोंदट वॉर्ड, जिथे दुसरे डॉक्टर बदली मागायचे आणि ही मुक्काम मागायची. लहान मुलांचा टीबी हा एकच विषय तिने जन्मभर धरून ठेवला. वीटभट्ट्यांवर, पाड्यांवर, नागपूरच्या झोपडपट्ट्यांत आजारी लेकरांची घरं तिने पालथी घातली, आणि त्यातून जे कळलं ते ती दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगायची. तान्ह्याला टीबी झाला तर आधी त्याला उचलून घेणाऱ्या माणसाकडे पाहा. तान्हं बाजारात जात नाही, शाळेत जात नाही, त्याला जे मिळतं ते मांडीवरच मिळतं. परदेशातल्या एका सभेत हे सांगितल्यावर माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली होती. आणि तिच्याच भावाचा दहा महिन्यांचा नातू तिच्याच वॉर्डात मेंदूच्या टीबीने गेला. देवाला थट्टा करायला दुसरं घर सापडलं नाही.

इथे मोताळ्यात सगळ्यांनी त्याला दातांचा ताप म्हटलं होतं. मग नजर लागली म्हटलं. डोळे तिरळे झाले आणि झटका आला तेव्हा कुठे नागपूरला फोन गेला. पुष्पांजलीने पोराच्या डोक्यातलं पाणी काढायला नळी घालून घेतली, रात्रंदिवस खाटेशी बसली, आणि औषधं लागू पडेनात. का पडत नव्हती, ते पोर गेल्यावर कळलं.

"त्याच्या पाठीतल्या पाण्याचा तपास परवा आला," ती म्हणाली. तिचा आवाज वॉर्डात बोलतानाचा होता, तिलाही तो ऐकू येत होता. "शिवमला झालेला टीबी नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा नव्हता. असा टीबी सहसा कसा तयार होतो, सांगते. एखादा माणूस गोळ्या सुरू करतो. दोन-तीन महिन्यांत बरं वाटलं की सोडून देतो. कच्चे जंतू मरतात, उरलेले शहाणे होतात. मग तो माणूस ज्याच्या तोंडाजवळ खोकतो, त्याला ते शहाणे जंतूच मिळतात. बाहेर कुठे मिळाला असेलही. पण दहा महिन्यांचं पोर बाहेर जातं किती? मला एवढंच सांगा, ह्या घरात कुणी गोळ्या अर्धवट सोडल्या का?"

समोरच्या खोलीत छतापर्यंत रचलेला कापूस होता, त्याचा कोरडा वास बैठकीत येत होता.

०

भागवतने आपली डबी फिरवून तिच्यावरचं नाव भिंतीकडे केलं. माणूस वाईट नव्हता. बियाणं-खताच्या दुकानात उधारीवाल्याला त्याने कधी चारचौघांत हटकलं नाही, बापामागे बहिणीला शिकवलं, तिच्या फीसाठी जोडीतला एक बैल विकला आणि त्याचा उच्चारही केला नाही. त्याचा एकच देव होता, तो म्हणजे घराचं नाव. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याच्या बापाने त्याला सांगितलं आणि त्याने ते दुकानापेक्षा जास्त सांभाळलं.

"बाहेरून आला असन," तो म्हणाला. "हजार गिऱ्हाईक येते दुकानात."

"शिवम दुकानात बसत होता का, दादा?"

"मंग राखीच्या माहेरून, बीबीहून आला," गीताबाई म्हणाली. बोलायला सुरुवात केल्यावर तिला धीर आला. "तिच्या बापाची, मोतीरामबुवाची ढास आख्ख्या पेठेनं ऐकली. बिडीवर बिडी. बाळंतपनाले हे तिथीच होती ना तीन महिने."

"त्यांची थुंकी दोनदा तपासली, वहिनी."

"तुमच्या मशिनीले काय समजते? आमच्या घरात कोनाले काही नाही."

राखी मधल्या दारात उभी होती. नागपूरहून परत आल्यापासून तिच्याशी घरात कुणी सरळ बोललं नव्हतं. गजेंद्र, तिचा नवरा, रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आधी तिला वाटलं, दुःखाने. मग एकदा तो आपल्या आईला म्हणताना तिने ऐकलं, "तिच्या बापानंच खाल्लं माह्या पोराले." तेव्हापासून ती जेवायला बसली की घास मोजल्यासारखे खायची. आत्ता आत्याबाईंनी भरल्या घरात तिच्या बापाला साफ ठरवलं, तरी तिच्या जिवाला काही थंडावा मिळाला नाही. पोर तर गेलंच होतं.

"जाऊ द्या," भागवत उठत म्हणाला. "राखीले चार महिने बीबीले राहू द्या. तिलेही बरं वाटन, इथीही शांत होईन. गजू, सकाळी सोडून ये तिले."

गजेंद्रने मान हलवली. चार महिने म्हणजे काय ते राखीला समजलं. ती आत वळली आणि फळीवरची बॅग काढू लागली.

०

भागवत-पुष्पांजलीची आई पंचफुलाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. अंजू, म्हणजे पुष्पांजली, घरी आली की ती अशीच बसायची, दारापासून लांब, गालात ज्येष्ठमधाची काडी धरून. ढास आलीच तर नाकाने श्वास घेत ती गिळायची, डोळ्यांत पाणी आलं तर कापसाचे बारीक तंतू गेले म्हणायची. अंजू यायची अर्ध्या दिवसासाठी, फोन कानाला लावून, आणि जाताना म्हणायची, माय, त्या कापसाच्या खोलीत बसत जाऊ नको. म्हातारी हो म्हणायची. लेकीला फसवायला फार अक्कल लागली नाही, लेक घाईत असायची.

बॅगेची चेन ओढल्याचा आवाज तिने ऐकला. ह्या पोरीने कधी आजेसासूचा हात झिडकारला नव्हता. न्हाणीत पाट मांडून, गरम पाणी विसणून, ती शिवमला आणून आजीच्या पायांवर ठेवायची आणि म्हणायची, "आजी, तुमच्याच हातची झोप लागते त्याले."

"अंजू," पंचफुलाबाई म्हणाली, "त्या गोळ्यायनं लघवी लाल होते का वं?"

आत चेन थांबली.

पुष्पांजलीने आईकडे पाहिलं. हा प्रश्न तिला हजार वेळा विचारला गेला होता, आणि गोळ्या घेतल्याशिवाय तो कुणालाच सुचत नाही.

"किती दिवस घेतल्या, माय?"

"दोन मयने. मंग खोकला थांबला. मळमळ व्हाची, अन्नाचा घास उतरे ना. सोडल्या."

"कोनं देल्या?" पुष्पांजलीच्या तोंडून वॉर्डाची भाषा गळून पडली होती.

"मीच नेलतं तिले," भागवत म्हणाला. तो पुन्हा खाली बसला. "खामगावले. तिच्या माहेरच्या नावानं. पंचफुला सोनोने."

"काऊन, दादा?"

"काऊन म्हनते? तुह्या सत्काराचा मांडव आठोते का तुले? सारा तालुका जमला होता. मायले स्टेजवर बसोलं, शाल देली, टीबीच्या डाक्टरनीची माय म्हनून. चार दिवसानं तिनं मले रुमाल दाखोला, रगत होतं. मी काय करू, सांग ना. खऱ्या नावानं गोळ्या घेतल्या तं सरकारी मानूस घरी येते पाहाले. मोताळ्यात तोंड कुठी लपवू? जगाले शिकोते अन् घरात टीबी, असं म्हनतीन. तुह्या नावाले बट्टा लागन म्हनून केलं म्या."

"त्याले बोलू नको," पंचफुलाबाई म्हणाली. "मीच शपथ घातली. अंजूले कळू देऊ नको म्हनलं. तू एवढं नाव कमावलं, अन् माह्यापाई जाईन. शिवम तं तवा पोटातही नव्हता वं. मले वाटलं, मी बरी झाली."

गजेंद्र पलंगावरून उठला होता. "बाबा, तुमाले माहीत होतं? पोराले ताप आला तवाही?"

भागवतने पुन्हा पंख्याकडे पाहिलं.

"आई, तुले?"

गीताबाईने पदराचं टोक तोंडात धरलं. तिला माहीत होतं, आणि तिने ते इतक्यांदा मनातून पुसलं होतं की बीबीच्या म्हाताऱ्याला शिव्या देताना तिला त्या खऱ्याच वाटायच्या. आता तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू सगळं त्यानेच एकट्याने केलं होतं. गजेंद्र दुकानात गेला आणि आतून शटर ओढल्याचा आवाज आला. बायकोकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. माफी मागायला तोंड लागतं.

राखी दारात येऊन उभी राहिली. ती पंचफुलाबाईशी बोलत नव्हती, कुणाशीच बोलत नव्हती. "आंघोळ झाली की आजी त्याच्या नाकात फुंकर घालत. नाक मोकळं व्हाले. मंग दोन्ही कानात, मंग टाळूवर. तोंडाले तोंड लावून. रोज. मीच नेऊन देत होती उचलून."

पुष्पांजलीने पर्समधून मास्क काढला आणि आईपुढे धरला. दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं. पंचफुलाबाईने तो हातात घेतला, उलटसुलट केला.

"आता माह्या तोंडाले फडकं," ती म्हणाली. मग तिने लेकीकडे पाहिलं. "म्या मारलं का वं त्याले?"

वॉर्डात रोज कुणीतरी हे विचारायचं. बाप विचारायचा, आजा विचारायचा, आणि पुष्पांजली खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसायची आणि सांगायची की हा जंतूचा दोष आहे, माणसाचा नाही, तुम्ही त्याच्यावर माया केली एवढंच. ते वाक्य तिला पाठ होतं. ते खरंही होतं. आत्ता ते तिने उच्चारलं नाही. तिला आईचा राग आला होता, आणि आईने तो राग ओळखला आणि मान खाली घातली.

०

"झालं ते झालं," भागवत म्हणाला. तो आता व्यवहारावर आला होता, तिथे त्याला उभं राहता यायचं. "मायले तू संग घेऊन जाय नागपूरले. लोकायले सांगू, लेकीकडे राह्याले गेली. घरातलं घरात राहीन."

"घरातलं घरात कसं राहीन, दादा? माय," पुष्पांजलीने विचारलं, "ह्या सालात आनखी कोनाकोनाचे लेकरं न्हाऊ घातले?"

पंचफुलाबाईने डोकं वर केलं. तिच्या चेहऱ्यावर पुसटसं काहीतरी आलं, ते पाहून पुष्पांजलीला भीती वाटली, कारण तो अभिमान होता.

"कचरूची नात. शेवाळ्याच्या मंगलाचे जुळे. जहांआराची नात आलीजा, तिले तं सवा मयना न्हाऊ घातलं, तिची सून रडे, म्हने तुमीच या. येतात ना बोलवाले. मी काही पैसे घेतले नाही कोनाचे. म्हनतात, हिनं हात लावलेली पोरगी लेकरायची डाक्टर झाली, हिचा हातगुन आपल्याले पाहिजे." बोलता बोलता तिला आपण काय सांगतो आहोत ते कळलं. तिने मास्क तोंडावर दाबून धरला आणि मग खोकली, दोन वर्षांत पहिल्यांदा लेकीसमोर पोटभर खोकली.

पुष्पांजली उठली. भागवत तिच्या आधी दाराशी पोहोचला.

"अंजू, पाया पडतो तुह्या. घरोघरी जाऊन सांगशीन तं माय मेल्यावर खांदा द्याले कोनी येनार नाही. नागपूरहून डाक्टर पाठव. शिबिर लाव, सगळ्यायची तपासनी कर. नाव कशाले सांगा लागते?"

"शिबिराले मयना लागन. लेकरांपाशी मयना नाही."

"अन् तू? तुले काय म्हनतीन, इचार केला?"

तिने केला होता. गेल्या दहा मिनिटांत तिने तोही विचार केला होता, आणि त्याची लाज तिला आता वाटत होती. पुढच्या महिन्यात दिल्लीला तिचं भाषण होतं, विषय होता घराघरातून स्रोत कसा शोधावा. "हट दादा," ती म्हणाली.

तो हटला नाही. तेव्हा राखी पुढे आली, चपला पायात सरकवल्या, आणि सासऱ्याच्या अगदी समोर उभी राहिली. दुखवट्यातली सून उंबरा ओलांडत नाही, पण तिच्या अंगाला सासऱ्याचा धक्का लागू नये म्हणून भागवतलाच बाजूला व्हावं लागलं. त्या दोघी बाहेर पडल्या. मागे गीताबाई नवऱ्याला काहीतरी बोलत होती, पहिल्यांदाच मोठ्याने.

दिवेलागणीची वेळ होती. आठवडी बाजाराहून परतणारी माणसं पुष्पांजलीला पाहून हात जोडत होती, दुःखाची आठवण होऊन लगेच नजर खाली घालत होती.

"तुझ्या बापाची मी माफी मागेन," पुष्पांजली म्हणाली.

राखीने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "आत्याबाई, रागावू नका," ती म्हणाली. "तुमी डाक्टर नसत्या झाल्या तं आजीले सरकारी दवाखान्यात नेलं असतं. शेजारची गंगू नेली तशी. सहा मयने गोळ्या घेतल्या असत्या, बऱ्या झाल्या असत्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त हिशेब लावत होती, आणि त्यात कुठेही चूक नव्हती.

जहांआराचं घर पहिलं लागलं. नवरा अन्वर बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचा, तो अजून यायचा होता. जहांआराने दोघींना दारात पाहिलं आणि ओट्यावर सतरंजी टाकली, राखीच्या पाठीवर हात ठेवला, पाणी आणायला वळली.

"बसत नाही," पुष्पांजली म्हणाली. उभ्यानेच सांगायचं, नाहीतर सांगणं होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. "एक सांगाले आली. माह्या मायले टीबी आहे. दोन वर्सांपासून आहे. तिनं आलीजाले न्हाऊ घातलं."

जहांआरा थांबली. पण तिच्या चेहऱ्यावर जे यायला हवं होतं, धक्का, राग, शिवी, त्यातलं काहीच आलं नाही.

"खोकत तं होती बिचारी," ती म्हणाली. "न्हानीतून भाईर ऐकू ये. माही सून म्हने, अम्मी, इतका खोकला. म्या म्हनलं, पगली, तिची पोरगी ह्याच बिमारीची मोठी डाक्टर आहे. काही असतं तं तिनं पाह्यलं नसतं का?" ती पुष्पांजलीकडे अगदी भरवशाने पाहत होती. "साऱ्या पेठेले माहीत होतं बाई, खोकते म्हनून. तुमी हायत म्हनून कोनाले फिकर नव्हती."

मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने आतल्या सुनेला हाक मारली. "आल्या तं बरंच झालं. आलीजाले पाहून घ्या. संध्याकाळी अंग गरम येते तिचं, पंधरा-वीस रोज झाले. दूध टाकते. दात येऊन राह्यले असतीन म्हनलं, तुमाले काय तरास द्या एवढ्यासाठी, तुमच्या घरात मयत."

राखीने पुष्पांजलीचा दंड घट्ट धरला. सुनेने पोर आणून पुष्पांजलीच्या हातात दिलं. पोर हलकं होतं, असायला हवं त्याहून फार हलकं. त्याचं कपाळ कोमट होतं, मान तिच्या खांद्यावर पडली आणि तिथेच राहिली. पुष्पांजली ओट्यावरच खाली बसली. तिने मुलीला मांडीवर घेतलं, डोक्याखाली हात दिला, आणि जो प्रश्न ती गेली वीस वर्षं प्रत्येक आईला विचारत आली होती तो जहांआराच्या सुनेला विचारला.

"हिचं वजन शेवटचं कधी केलं?"